शाळेचा पट रिकामा, लोकल मात्र भरलेली

गणपतीला राजापूर तालुक्यातल्या गावी गेलो की माझा एक ठरलेला फेरफटका असतो, देवळापासून शाळेपर्यंत. आम्ही शिकत होतो तेव्हा तरटावर मांडीला मांडी लावून बसायचो, तरी चार पोरं व्हरांड्यात असायची. आता पटावर सात मुलं आहेत. गौरी-विसर्जन आटोपून परत आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर उभा राहिलो, तर दोन लोकल सोडूनही तिसरीत पाय ठेवता येईना. शेजारचे गृहस्थ नेहमीप्रमाणे म्हणाले, "लोकसंख्या फार वाढलीय हो. आवरलं पाहिजे कोणीतरी." कोणी कोणाला आवरायचं, ते काही ते सांगत नाहीत.

दोन्ही दृश्यं एकाच राज्यातली, चोवीस तासांच्या अंतराने पाहिलेली. मग लोकसंख्या वाढतेय की घटतेय? प्रश्न सोपा वाटतो, पण त्यात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. माणसं किती जन्मतात, किती दिवस जगतात आणि राहायला कुठे जातात. कोविडमुळे २०२१ ची जनगणना राहून गेली. आता आधी घरांची यादी आणि मग फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी, असा कार्यक्रम सरकारने जाहीर केला आहे. आकडे आले की वाद होणारच. त्याआधी हा गुंता थोडा सोडवून घेऊ.

हौदाची पातळी

गुरांना पाणी पाजायचा हौद डोळ्यांपुढे आणा. वरून दोन नळ पाणी सोडतात, खालून दोन भोकांतून पाणी जातं. वरचे नळ म्हणजे जन्म आणि बाहेरून आलेली माणसं. खालची भोकं म्हणजे मृत्यू आणि सोडून गेलेली माणसं. गाव असो, जिल्हा असो, देश असो, हिशेब एवढाच. सगळ्या जगाचा हौद घेतला तर येणारे-जाणारे बाद होतात आणि फक्त जन्म-मृत्यू उरतात.

आता पातळी वाढताना दिसली की आपण चटकन वरच्या नळाकडे बोट दाखवतो. पण वरचा नळ होता तसाच ठेवून खालचं भोक बुजवलं तरीही पातळी वाढतेच. गेल्या शंभर वर्षांत आपल्याकडे मुख्यतः हेच झालं.

पणजीला मुलं जास्त होती, तरी देश वाढत नव्हता

१९११ ते १९२१ या दहा वर्षांत भारताची लोकसंख्या चक्क घटली. आजच्या सीमांप्रमाणे २५.२ कोटींवरून २५.१ कोटींवर आली. त्या काळी बाईला सहा-सात बाळंतपणं होणं ही रोजची गोष्ट होती. तरी घट झाली, कारण १९१८ च्या उन्हाळ्यात मुंबई बंदरातून शिरलेल्या इन्फ्लुएन्झाने देशभर एक कोटीहून अधिक माणसं नेली. त्याआधी प्लेग, पटकी, देवी, हिवताप आणि दुष्काळ होतेच. वरचा नळ धो धो चालू होता आणि खालचं भोक त्याहून मोठं होतं.

त्यानंतर मात्र प्रत्येक जनगणनेत आकडा वाढतच गेला, म्हणून १९२१ ला लोकसंख्येचे अभ्यासक महाविभाजक वर्ष म्हणतात. गंमत म्हणजे त्याच १९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. त्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. ज्या वर्षी देशाची संख्या घटल्याचं मोजलं गेलं, त्याच वर्षी एक माणूस पुढचं ओळखून बसला होता, हे मला फार विलक्षण वाटतं.

पुढे लसी आल्या, स्वच्छ पाणी आलं, डीडीटीची फवारणी झाली, सलाईन आणि अँटिबायोटिक्स आली. स्वातंत्र्याच्या सुमारास आपलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ७० च्या घरात आहे. (३२ म्हणजे माणसं बत्तिशीतच मरत असा अर्थ नव्हे. पाळण्यात गेलेली मुलं ती सरासरी खाली ओढत.) खालचं भोक भराभर बुजलं, पण वरचा नळ आवळायला लोकांना दोन पिढ्या लागल्या. साहजिक आहे. सहा जन्मली तर तीन जगतील हा हिशेब ज्या सासूने अनुभवाने शिकलेला असतो, ती सुनेला दोनावर थांबू देत नाही. मुलं जगतात याची खात्री पटावी लागते. मुली शिकतात, लग्नाचं वय पुढे जातं, मग कुटुंब लहान होतं.

मधल्या या दोन पिढ्यांतच आकडा फुगला. जगाचंही असंच झालं. १९२७ च्या सुमारास जगात २०० कोटी माणसं होती, १९७४ मध्ये ४०० कोटी आणि १५ नोव्हेंबर २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने ८०० कोटी. वाढीचा वेग मात्र १९६० च्या दशकात वर्षाला दोन टक्क्यांच्या वर जाऊन आला आणि आता एका टक्क्याच्या खाली आहे. संयुक्त राष्ट्रांचा सध्याचा अंदाज असा, की २०८० च्या दशकात सुमारे १,०३० कोटींवर जाऊन जगाची संख्या उतरायला लागेल.

जननदर: हा एकच अवघड शब्द

आजच्या वयोगटांप्रमाणे मुलं होत राहिली, तर एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती होतील, त्या आकड्याला जननदर म्हणतात. दोघांची जागा दोघांनी घेतली की संख्या टिकते, म्हणजे तो दोन हवा. पण काही मुलं मोठी होईपर्यंत दगावतात आणि निसर्गतःच मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात, म्हणून साधारण २.१ लागतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ मध्ये भारताचा जननदर ३.४ होता. २०१९-२१ च्या पाहणीत तो २.० झाला. महाराष्ट्राचा १.७, गोव्याचा १.३, बिहारचा ३.०. म्हणजे महाराष्ट्रात प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा लहान जन्मते आहे, आणि ही गोष्ट लोकलमध्ये सांगितली की लोक माझ्याकडे दयेने बघतात.

जिथे मुलींना जन्मूच दिलं नाही तिथे २.१ सुद्धा पुरत नाही. २०११ मध्ये बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. ती मुलं आता लग्नाच्या वयात येताहेत. गावोगावचे पालक स्थळं शोधताना काय म्हणतात, ते वेगळं सांगायला नको.

मग आकडा अजून का वाढतोय?

शेतकऱ्याला हे उदाहरणाने लगेच कळतं. पाटाचं दार बंद केलं म्हणून शेवटच्या वाफ्यात पाणी लगेच थांबत नाही. पाटात भरून असलेलं पाणी वाहत वाहत तिथवर पोचतच राहतं.

आता हेच आकड्यात. समजा एक वाडी आहे. तिच्यात २० म्हातारी माणसं, म्हणजे १० जोडपी. त्यांना प्रत्येकी चार मुलं झाली, म्हणून मधली पिढी ४० जणांची. या ४० जणांची, म्हणजे २० जोडप्यांची, प्रत्येकी दोनच मुलं, तीही ४०. एकूण वाडी १०० माणसांची. (लग्नं वाडीतल्या वाडीत झाली असं धरू. सोयऱ्यांनी रागावू नये.)

पंचवीसेक वर्षं जाऊ द्या. २० म्हातारे गेले. मधले ४० आता म्हातारे झाले, मुलं ४० तरुण झाली आणि त्यांच्या २० जोडप्यांना पुन्हा दोन-दोनच मुलं झाली, म्हणजे ४०. एकूण १२०. एकाही घरात दोनापेक्षा जास्त मूल नसताना वाडी वीस टक्क्यांनी वाढली! दोष कोणाच्याही पाळण्यात नाही. गेले २० आणि त्यांच्या जागी आले ४०, एवढंच.

याच तरुण जोडप्यांना दोनाऐवजी महाराष्ट्राप्रमाणे सरासरी १.७ मुलं झाली असती, तर नवी पिढी ३४ ची झाली असती आणि वाडी ११४ ची. म्हणजे जननदर दोनाच्या खाली असूनही वाढच. हाच दर पुढे चालू ठेवला तर पुढच्या टप्प्याला सुमारे १०३ आणि त्यापुढे ८८. पाटातलं पाणी संपलं की पातळी उतरायला लागते. चीन त्या टप्प्यावर २०२२ मध्येच पोचला. त्याची संख्या घटू लागली आणि २०२३ मध्ये आपण त्याच्या पुढे गेलो. आपल्या पाटात अजून पाणी आहे.

गर्दी आणि लोकसंख्या या बहिणी आहेत, जुळ्या नाहीत

आता लोकलचं बघू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपला सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची संख्या दहा वर्षांत १६ टक्क्यांनी वाढून ११.२४ कोटी झाली. पण रत्नागिरी जिल्हा १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर उतरला. सिंधुदुर्गही घटला. यात नवल नाही, चाकरमान्यांचे जिल्हे ते. खरं नवल तिसऱ्या जिल्ह्याचं. मुंबई शहर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचं जुनं बेट, ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर आलं. साडेसात टक्के घट, रत्नागिरीपेक्षाही जास्त. आणि त्याच दशकात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढून १.१ कोटींवर गेला आणि देशातला सर्वांत मोठा जिल्हा ठरला.

म्हणजे चर्चगेट आणि सीएसएमटीला सर्वाधिक रेटारेटी वाटत होती, त्या काळात त्या भागात राहणारी माणसं कमी होत होती! गिरण्या गेल्या, चाळी पडून टॉवर उभे राहिले, लालबाग-परळची कुटुंबं डोंबिवली, बदलापूर, विरार, नालासोपाऱ्याला गेली. घरं उत्तरेला सरकली आणि बऱ्याचशा कचेऱ्या होत्या तिथेच राहिल्या. रोज सकाळी जे फलाटावर दिसतं ते घर आणि काम यांच्यातलं अंतर आहे. त्याला पाळणे मोजून उत्तर सापडणार नाही.

कोकणाचा आणखी एक आकडा लोक चुकीचा वाचतात. २०११ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. भाषणांतून हा 'मुलींचा सन्मान करणारा जिल्हा' म्हणून सांगितला जातो. तसं असेलही, पण मुंबई शहर जिल्ह्यात त्याच वेळी हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया होत्या. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. रत्नागिरीत जे पुरुष मोजले गेले नाहीत, त्यांतले बरेच मुंबईत मोजले गेले. एकेकाळी मनीऑर्डरवर चालणाऱ्या जिल्ह्याची ही सही आहे.

दाटीचंही तेच. २०११ मध्ये गडचिरोलीत चौरस किलोमीटरला ७४ माणसं, मुंबई उपनगरात जवळजवळ २१ हजार. राज्याची सरासरी ३६५, आणि ती सरासरी प्रत्यक्षात फार थोडे लोक जगतात. इजिप्तचा नकाशा पाहा. नाईलच्या काठची हिरवी पट्टी देशाच्या जेमतेम वीसाव्या हिश्शाची, आणि जवळपास सगळा देश त्या पट्टीत. माणूस पाणी, जमीन आणि रोजगार बघून बसतो, नकाशावर पसरवलेल्या तिळासारखा सम पडत नाही.

'स्थलांतरित' म्हटलं की तुम्हाला कोण दिसतं?

डोक्यावर बोचकं घेतलेला, उत्तरेच्या गाडीतून उतरणारा तरुण, असंच ना? जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे आधी जिथे राहत होता ते गाव सोडून दुसरीकडे राहायला आलेला प्रत्येक जण स्थलांतरित. २०११ मध्ये असे सुमारे ४५ कोटी भारतीय होते. त्यांत दोन तृतीयांशांच्या आसपास स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींचं कारण लग्न. संगमेश्वरहून लांज्याला सून म्हणून आलेली माझी आजी कागदोपत्री स्थलांतरितच.

देश ओलांडणारे त्या मानाने फार थोडे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात ३०.४ कोटी लोक जन्मदेशाबाहेर राहतात, म्हणजे शंभरात चारसुद्धा नाहीत. बातम्या वाचून हे प्रमाण निदान पाचपट वाटतं. त्यांत सर्वाधिक लोक भारतात जन्मलेले आहेत हेही खरं, आणि ही परंपरा जुनी आहे. मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात करारावरचे मजूर म्हणून कोकणातून बोटीवर चढले होते.

आणि एक जाणं असं, की ते कुठल्याच व्याख्येत धड बसत नाही. दिवाळीच्या आगेमागे बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. चार-सहा महिने कारखान्याच्या आवारात कोपी बांधून राहायचं, उन्हाळ्याच्या तोंडावर परत. ते गाव सोडत नाहीत आणि गावात राहतही नाहीत.

'पण कायदा केला तर काय बिघडतं?'

करून पाहिला आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आलं नाही. त्या सक्तीने कुटुंबनियोजन हा शब्दच इतका बदनाम झाला, की पुढे सरकारला खात्याचं नाव बदलून 'कुटुंबकल्याण' करावं लागलं.

चीनचं उदाहरण हमखास येतं. तिथला जननदर १९७० च्या दशकातच सहाच्या जवळून तीनाच्या खाली आला होता, एका मुलाचा नियम त्यानंतरचा. आता तीन मुलांना परवानगी देऊनही पाळणे हलत नाहीत. केरळ आणि तमिळनाडू सक्तीशिवाय दोनाच्या खाली आले. शिवाय आपल्या वाडीचा हिशेब आठवा. उद्या प्रत्येक घर दोनावर थांबवलं तरी पाटातलं पाणी यायचं ते येणारच. महाराष्ट्रात तर लोक कायद्याच्या आधीच थांबलेत, तिथे कायदा नेमकं काय थांबवणार?

'पण अमुक समाजाचं काय?'

हा प्रश्न आवाज बारीक करून विचारला जातो, म्हणून मोठ्याने उत्तर देतो. १९९२-९३ ते २०१९-२१ या काळात मुस्लिम स्त्रियांचा जननदर ४.४ वरून २.४ वर आला, हिंदू स्त्रियांचा ३.३ वरून १.९ वर. फरक अजून आहे, पण तो एकाहून अधिक होता तो निम्म्यावर आला. आणि बिहारमधल्या हिंदू बाईला केरळमधल्या मुस्लिम बाईपेक्षा सरासरी जास्त मुलं आहेत. कुठल्या राज्यात, किती शिकलेली आणि किती जवळ दवाखाना, याने जास्त फरक पडतो.

परप्रांतीयांबद्दल म्हणाल, तर महाराष्ट्रातले बहुसंख्य स्थलांतरित राज्यातल्या राज्यातच हललेले आहेत. बाहेरून येणाऱ्यांत उत्तर प्रदेशचे सर्वाधिक, यात वाद नाही. पण ज्या राज्यात पिढी आक्रसते आहे आणि इमारती चढताहेत, तिथे तरुण हात तरुण राज्यांतूनच येणार. माझ्या गावी यंदा घराची कौलं शाकारायला आलेला कामगार झारखंडचा होता. वाडीत शिडीवर चढू शकेल असा माणूसच उरलेला नाही.

मोजणीवर काय काय अडकलंय

रेशनचं धान्य किती लोकांना द्यायचं ते अन्नसुरक्षा कायद्यानुसार जनगणनेवरून ठरतं, आणि इतकी वर्षं तो हिशेब २०११ च्या आकड्यांवर चालला. मधल्या काळात जन्मलेली मुलं त्या बेरजेतच नव्हती. लोकसभेत कुठल्या राज्याला किती जागा, हे तर १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवलेलं आहे. ज्या राज्यांनी कुटुंबं लहान ठेवली त्यांच्या जागा घटू नयेत म्हणून १९७६ मध्ये ही गोठवणूक झाली आणि २००१ च्या घटनादुरुस्तीने ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. ती पहिली जनगणना म्हणजेच ही. दक्षिणेकडची राज्यं अस्वस्थ का आहेत, ते यावरून कळेल. महाराष्ट्राचा जननदर पाहता आपणही थोडं अस्वस्थ व्हायला हरकत नाही, पण आपल्याकडे अजून त्याची कोणाला फारशी शुद्ध दिसत नाही.

आणि तुम्ही कुठे मोजले जाणार? आजवरचा नियम असा: मोजणीच्या त्या वीसेक दिवसांत एकदा जरी नेहमीच्या घरी असलात तर त्या घरी तुमची नोंद. पूर्ण काळ बाहेर असलात तर सापडाल तिथे. ज्यांना घरच नाही त्यांची मोजणी फेब्रुवारीच्या शेवटच्या रात्री, फुटपाथवर, स्टेशनात, पुलाखाली जाऊन. मी डोंबिवलीत मोजला जाणार, गावच्या घराला कुलूप असणार. आणि फेब्रुवारीत गळीत हंगाम भरात असतो, त्यामुळे ऊसतोडीला गेलेली बीडची माणसं कोल्हापूर, सांगली, पुणे, थेट कर्नाटकापर्यंत कुठल्यातरी फडाच्या कडेला मोजली जातील. पहाटे चारला फडात गेलेल्या जोडप्याच्या कोपीत दिवसा प्रगणक पोचला, तर माहिती सांगायला तिथे धाकट्याला सांभाळत बसलेली आठ-नऊ वर्षांची पोरगी असेल. तिचं नाव पटावर गावच्या शाळेत आहे.